कॅम्पवर रात्री 'कुणीतरी दिसलं' तर: डोंगरात काम करणाऱ्यांसाठी

रात्रीचे दोन. कुणीतरी धापा टाकत तुमच्या तंबूपाशी येतं आणि म्हणतं, "दादा, टाकीजवळ बाई उभी आहे." त्या क्षणी तुमच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघेल, त्यावर पुढची रात्र ठरते. "भूतबित काही नसतं, जा झोप" म्हणालात, की तो पोरगा गप्प होतो आणि त्याच्याकडून मिळणारी माहितीही तिथंच संपते. "अरे बापरे, त्या जागेवर पूर्वी पण…" असं म्हणालात, तर पंधरा मिनिटांत सगळा कॅम्प जागा होतो आणि चाळीस माणसं अंधारात कड्याच्या बाजूला सैरावैरा होतात. ही दोन्ही वाक्यं टाळायची.

कॅम्प भंडारदऱ्याच्या काठावरचा असो, राजमाचीच्या पठारावरचा असो की हरिश्चंद्रगडावरचा, सह्याद्रीत 'भूत' म्हणून जे समोर येतं त्याच्यामागे कधी रातवा पक्षी असतो, कधी पत्रा, कधी बिबट्या, कधी चोर. कधी मात्र तंबूत कोंडलेला कोळशाचा वायू असतो, नाहीतर मण्यार. या शेवटच्या दोन्हींत ओळखायला उशीर झाला, तर माणूस सकाळ बघत नाही. म्हणून कॅम्पवर काम करणाऱ्या प्रत्येकानं, स्वयंपाकघरातल्या मावशींनीसुद्धा, एक नियम पाळायचा: दिसलं, हे लगेच मान्य करायचं, काय दिसलं, हे उजाडेपर्यंत ठरवायचं नाही.

पहिली दहा मिनिटं

१. त्याला बसवा, अंगावर काहीतरी टाका, पाणी द्या. घोट नीट गिळतोय का ते बघा. हे का बघायचं ते पुढे आहे.

२. विचारा: कुठे? किती उंच? हलत होतं का? आवाज होता का? किती वेळ दिसलं? तुझा टॉर्च चालू होता का? "पांढरी साडी होती का?" असं कधीच विचारू नका. घाबरलेला माणूस 'हो' म्हणतो, आणि पाच मिनिटांत ती साडी त्याला खरोखर आठवायला लागते.

३. त्याचेच शब्द वहीत उतरवा, वेळेसकट. तोपर्यंत त्याला बाकीच्यांशी बोलू देऊ नका. चार जणांनी एकमेकांचं ऐकलं, की चौघांना एकच बाई दिसलेली असते.

४. माणसं मोजा. तंबूत डोकावून, हात लावून मोजायची. हाका मारून नाही. टाकीजवळची बाई म्हणजे टॉर्च न घेता, डोक्यावरून घोंगडी घेऊन लघवीला गेलेला आपलाच कुणीतरी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

५. माणसं पूर्ण भरली तरच दोघांनी मिळून बघायला जायचं. एकट्यानं कधीच नाही. गळ्यात शिट्टी, हातात काठी, आणि कड्याची बाजू असेल तर उजाडेपर्यंत अजिबात नाही.

धुकं असेल तर टॉर्च कपाळावर ठेवू नका, कमरेपाशी धरा. कपाळावरचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. मागच्या माणसानं हेडटॉर्च लावला असेल, तर पुढच्याची सावली धुक्यावर उमटते, दुप्पट-तिप्पट उंच, आणि तो हलला की तीही हलते. पावसाळ्यात 'उंच काळी आकृती' दिसली असं कुणी सांगितलं, तर पहिला प्रश्न हाच: तुझ्या मागे कोण होतं, आणि त्याचा टॉर्च चालू होता का?

आधी माणूस तपासा, मग जागा

हा भाग घाईत वाचू नका. भूत दिसण्याची काही कारणं बघणाऱ्याच्या शरीरात असतात, आणि त्यातली दोन-तीन जीव घेतात.

कोळशाचा वायू. पावसात किंवा डिसेंबरच्या थंडीत लोक शेगडीतले निखारे तंबूत नेतात. धूर नाही, म्हणजे धोका नाही, असं त्यांना वाटतं. उलट धूर संपलेले लाल निखारेच कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, छातीवर दाब येतो, मग कानात आवाज, कुणीतरी आल्याचा भास. १९२१ साली अमेरिकेतल्या विल्मर नावाच्या नेत्रतज्ज्ञानं एका कुटुंबाची हकिगत छापली होती. घरात पावलं ऐकू येत, माणसं दिसत, सगळ्यांची डोकी दुखत. भट्टी बिघडलेली निघाली. ती दुरुस्त झाल्यावर सगळं थांबलं. एकाच तंबूतल्या दोघातिघांना एकाच रात्री काहीतरी दिसलं आणि डोकंही दुखतंय, तर आधी हाच संशय घ्या. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, सामानासाठी कुणाला परत आत जाऊ देऊ नका, आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या. एक सापळा लक्षात ठेवा: बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या विषबाधेत ९८ दाखवू शकतं. रक्ताला चिकटलेला हा वायू त्याला ऑक्सिजनच वाटतो. आकड्यावर विसंबू नका.

मण्यार. हा साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावा बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही, खूण सापडत नाही. माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो, ओकतो, म्हणतो, "कुणीतरी गळा दाबतंय, डोळे उघडत नाहीत." आजूबाजूचे म्हणतात, झपाटलं. बाहेरची बाधा समजून किती माणसं अशी अंगारा लावत घालवली गेली असतील, या विचारानं जीव तुटतो. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे: मान न हलवता वर बघायला सांगा आणि पापण्यांवर नजर ठेवा. पापण्या आपोआप खाली यायला लागल्या, आवाज नाकात गेला, पाण्याचा घोट गिळता येईना, तर दंशाची खूण शोधत बसू नका. चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चालवायचं नाही. कुशीवर झोपवून, घोंगडीची किंवा ताडपत्रीची झोळी करून खाली न्यायचं आणि वाटेतच १०८ ला फोन लावायचा. रेंज कुठल्या वळणावर येते हे आधी माहीत हवं. सर्पदंशाची लस जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे कॅम्प सुरू होण्याआधी चौकशी करून भिंतीवर लिहून ठेवा. श्वास मंदावला तर तोंडानं श्वास देत राहा. मण्यारीचा रोगी श्वास अडून दगावतो, आणि तो श्वास चालू ठेवला तर वाचू शकतो. टाळण्याचा उपाय साधा आहे: खाट, किंवा तळ शिवलेला चेनचा तंबू, किंवा गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी.

दारू सुटलेला माणूस. रोज पिणारा कामगार वर आला आणि दारू मिळेना, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, भिंतीवर किडे आणि दारात माणसं दिसतात. याला चेष्टेत घेऊ नका. यात झटका येतो, मृत्यूही होतो. त्याच दिवशी खाली उतरवा, बरोबर दोन माणसं देऊन. कामावर घेताना हे आपुलकीनं, एकट्यात विचारून ठेवावं.

पावसात भिजून कुडकुडणारा मुलगा बरळू लागला, तर ओले कपडे काढून कोरडे घाला, दोन माणसांच्या मध्ये घ्या, शुद्धीवर असेल तर गोड गरम काहीतरी द्या. कुणी रानातलं बी किंवा फळ खाल्लं असेल, बुबुळातली काळी बाहुली मोठी झाली असेल आणि तोंड कोरडं पडलं असेल, तर धोतरा समजा आणि दवाखाना गाठा.

छातीवर बसणारं भूत. हे सगळ्यात जास्त वेळा येतं आणि सुदैवानं निरुपद्रवी आहे. झोपेच्या एका टप्प्यात शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. मेंदू आधी जागा झाला आणि शरीर मागे राहिलं, की डोळे उघडे, हात हलत नाही, छातीवर ओझं, आणि तंबूच्या दारात कुणीतरी उभं. काही सेकंदांपासून दोनेक मिनिटांत सुटतं. दिवसभर चढाई, चार तास झोप, उताणं निजणं, नवी जागा अशी कॅम्पवर याची सगळी कारणं एकत्र येतात. त्याला सांगा: पुन्हा झालं तर ओरडायचा प्रयत्न करू नकोस, पायाचा अंगठा हलव आणि श्वास मोज. कुशीवर झोप. हे असं होतं, पुष्कळांना होतं, एवढं समजलं तरी निम्मी भीती जाते.

हिमालयात कामाला जाणाऱ्यांना एक वेगळी सूचना. २,५०० मीटरच्या वर कुणी 'आपल्याबरोबर आणखी एक माणूस चालतोय' म्हणाला, तर त्याला जमिनीवरच्या रेघेवर पावलाला पाऊल टेकवत चालायला लावा. तोल जात असेल तर मेंदूला सूज आलेली असू शकते. रात्र असली तरी खाली उतरवा. सकाळची वाट बघायची नाही. तोल शाबूत असेल तरी एकटं सोडू नका. १९३३ साली एव्हरेस्टवर एकटा चढणाऱ्या फ्रँक स्माइदनं बरोबर नसलेल्या सोबत्याला खाऊचा तुकडा मोडून दिला होता, इतका तो सोबती त्याला खरा वाटत होता.

अंगात आलं, झपाटलं म्हणून कुणी मारायला, मिरचीची धुरी द्यायला किंवा बांधायला निघालं, तर आडवे उभे राहा. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होते. साप चावलेल्याला डॉक्टरकडे नेऊ न देणं हेही त्याच कायद्यात बसतं.

आवाज कुणाचा

डोंगरात रात्री डोळ्यांपेक्षा कान जास्त फसवतात. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची ऊबदार राहते, आणि लांबचा आवाज वर निसटून न जाता खाली वाकतो. खालच्या वाडीतलं भजन, लग्नाचा बँजो, एखाद्या आजीचं खोकणं शेजारी असल्यासारखं ऐकू येतं. आवाज जवळचा की लांबचा हे ओळखायला दोघांनी तीस-चाळीस पावलांच्या अंतरानं उभं राहायचं आणि आवाज आला की आपापली काठी त्या दिशेला धरून जमिनीवर ठेवायची. काठ्यांच्या रेषा पुढे जवळच एकमेकींना छेदत असतील तर आवाज कॅम्पच्या आसपासचा. काठ्या जवळपास समांतर असतील तर तो दरीपलीकडचा आहे, निवांत झोपा. आपल्याच आवाजाला कुणी 'ओ' देत असेल तर टाळी वाजवून बघा. एका सेकंदानं उत्तर आलं तर कडा साधारण १७० मीटरवर आहे, दोन सेकंदांनी आलं तर ३४० मीटरवर.

फरशीवर गोटी टाकली की ती टप्पे घेत घेत थांबते, तसा 'चक्-चक्-चक्-टर्रर' आवाज आला तर तो रातवा. तो वाटेच्या मधोमध बसतो. टॉर्च पडला की जमिनीच्या बोटभर वर त्याचा डोळा लाल-केशरी निखाऱ्यासारखा पेटतो, आणि तुम्ही दोन-तीन पावलांवर गेलात की तो निखारा आवाज न करता हवेत उठून नाहीसा होतो. हे ज्याला माहीत नाही त्याची बोबडी वळणारच. गव्हाणी घुबड किल्ल्याच्या पडक्या भिंतीत, गुहेत राहतं. पांढरा चेहरा, पंखांचा आवाज नाही, आणि ओरडणं म्हणजे कापड टराटरा फाडल्यासारखी किंकाळी. बाळ रडल्यासारखं वाटलं तर बहुतेक रानमांजर. कोल्हे तीन-चारच असतात, ऐकताना वीस वाटतात. छपरावर पावलं वाजली तर उदमांजर.

दोन आवाज मात्र भुतापेक्षा जास्त गांभीर्यानं घ्या. एक भेकर या छोट्या हरणाचा: कुत्र्यासारखं एकेकदा भुंकणं, ठरावीक अंतरानं, कधी अर्धा-अर्धा तास. त्याला काहीतरी दिसलेलं असतं, आणि ते बिबट्या असू शकतं. दुसरा लाकडावर करवत ओढल्यासारखा, आत-बाहेर, आत-बाहेर. तो बिबट्याच. दोन्हींत मुलांना आत घ्या, लघवीला जाणाऱ्याबरोबर दोन मोठी माणसं द्या, खरकटं झाका, कॅम्पवरचं कुत्रं आत बांधा. डोळे चमकले तर त्यांची उंची आणि अंतर वहीत लिहा. गवतात हिरवट-निळे बारीक ठिपके दिसले तर ते कोळी आहेत, घाबरायचं कारण नाही.

निर्जीव वस्तूंचे आवाज पकडणं सोपं. तंबूची ताणलेली दोरी वाऱ्यानं 'हूऽऽऽ' करते. दोरीच्या मधोमध बोट ठेवा, आवाज बंद झाला तर भूत सापडलं. तिथं चिंधी बांधून टाका. उघडा पाइप, रिकामी बाटली, ड्रमचं तोंड वाऱ्यानं घुमतं, झाकणं लावा. पत्र्याचं छप्पर सूर्य मावळल्यावर गार होताना आकसतं आणि कुणी चालल्यासारखं टणटणतं. झेंड्याच्या खांबावर दोरी आपटते ती दोन वेढे देऊन आवळा.

दिवे, उजेड आणि चकवा

काळोखात एकुलता एक दिवा टक लावून बघितला की तो हळूहळू सरकायला लागतो. दिवा सरकत नाही, बाजूला दुसरं काही नसल्यामुळे नजर भरकटते. दोन बोटांच्या बेचक्यात किंवा झाडाच्या फांदीच्या कोनात तो दिवा धरा आणि डोकं खांबाला टेका. बेचक्यात तसाच राहिला तर वाडीतला बल्ब, सुटला तर कुणीतरी कंदील किंवा बॅटरी घेऊन चाललंय.

मे अखेर ते जून मध्यापर्यंत भंडारदरा-पुरुषवाडीकडे झाडंच्या झाडं काजव्यांनी एका तालात उजळतात. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट उजेड देते. ती बघायची तर सगळे दिवे बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या. हरिश्चंद्रगडावर सकाळी कोकणकड्याच्या कडेला पाठीमागून ऊन आणि दरीत धुकं असेल, तर धुक्यावर आपलीच सावली पडते आणि तिच्याभोवती सप्तरंगी वर्तुळ. हे इंद्रवज्र. कर्नल साइक्सच्या नावावर याची १८३५ सालची नोंद आहे. ही आकृती नवख्याला भिववते आणि मागे सरकायच्या गडबडीत पाय घसरतो, म्हणून कड्यावर पालथं झोपूनच बघायला लावा.

चकवा लागतो, हे गावकरी सांगतात ते खरं आहे. चंद्र-सूर्य दिसत नसेल तर माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो. २००९ साली जर्मन संशोधकांनी जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात माणसं चालवून हे मोजलं. सड्यावर, धुक्यात, कारवीच्या रानात हे हमखास होतं. तीच खूण, तोच दगड दुसऱ्यांदा दिसला की थांबा. ओढ्यानं खाली उतरू नका, ओढा कड्यावर जाऊन संपतो. बसा, अंगावर कोरडं घाला, मिनिटाला सहा शिट्ट्या द्या, एक मिनिट थांबा, पुन्हा द्या. ऐकणाऱ्यानं मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं आणि कॅम्पवरचा मोठा दिवा उंच टांगायचा.

राखेचा चौकोन

कुणीतरी रोज रात्री येतंय अशी कुजबुज सुरू झाली, तर चुलीची राख पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळा. सगळे झोपल्यावर, जिथं 'ते' दिसतं त्या कोरड्या वाटेवर मीटरभर लांब-रुंद चौकोनात दोन-तीन मिलिमीटरचा थर द्या. जाड थरात ठसा ढासळतो, पातळ थरात उमटत नाही. दव पडण्याच्या जागी झाडाखालचा आडोसा निवडा. पहाटे, ऊन चढायच्या आत, टॉर्च जमिनीला जवळजवळ आडवा धरून बघा. तिरक्या उजेडात ठशाला सावली पडते. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो घ्या. चार बोटं, नखं उमटलेली नाहीत, रुंदी ७ ते ९ सेंटीमीटर: बिबट्या; वनखात्याला कळवा. नखं उमटली असतील तर कुत्रं किंवा कोल्हा. पाच बोटांचा छोटा ठसा बहुधा उदमांजराचा. चपलेचा ठसा निघाला, तर आधी आपल्या सगळ्यांच्या चपला जुळवा. जुळली नाही, तर शिधा आणि सिलिंडर कुलपात ठेवा आणि गावच्या पोलीस पाटलांना सांगा.

गावाची श्रद्धा

कॅम्पच्या पहिल्याच दिवशी वाटाड्या काकांना विचारा: इथं आसरा (पाण्यातल्या देवता) कुठं आहेत, वेताळ कुठं, देवराईची हद्द कुठून? शेंदूर लावलेल्या दगडाजवळ संडासाचा खड्डा खणू नका, खरकटं टाकू नका, मुलांना त्यावर बसू देऊ नका. आसरांची जागा पाण्याच्या डोहाशी असते, आणि तिन्हीसांजेला तिकडं जाऊ नये हा सांगावा बुडणाऱ्या पोराला वाचवणाराच आहे. काकांनी नारळ वाढवायचा म्हटलं तर वाढवू द्या. सिक्कीममधल्या नाथुला खिंडीजवळ १९६८ मध्ये वारलेल्या जवान हरभजन सिंगांचं बंकर सैनिक आजही झाडून-पुसून ठेवतात. एकाकी ठाण्यावर माणसाला आपलं कुणीतरी राखणीला आहे असं वाटणं फार मोठं असतं. फक्त औषधाच्या आड ते येऊ देऊ नका.

शेकोटीवर भुताच्या गोष्टी सांगायच्याच असतील तर मुलांच्या कॅम्पवर याच टाकीची, याच झाडाची गोष्ट सांगू नका. संडासाच्या वाटेवर दर पाच पावलांवर रेडियमची पट्टी चिकटवा, रात्रपाळी दोघांची आणि दोन तासांची ठेवा.

ज्याला दिसलं त्याला सकाळी त्याच जागी घेऊन जा. वही वाचून दाखवा, कुठे उभा होतास विचारा, त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीवर डोळे आणून बघा. दिवसा काही उलगडलं नाही तर रात्री त्याच वेळेला, तोच टॉर्च घेऊन, त्याची इच्छा असेल तरच, पुन्हा दोघं जा. तो पुढे, तुम्ही एक पाऊल मागे, टॉर्च त्याच्या हातात.